लोर्ना डीट्झचं सप्टेंबरातलं भाषण

पडदा वर जातो तेव्हा समोर वसतिगृहाची बैठकीची खोली दिसते. सप्टेंबरातला गुरुवार, संध्याकाळचे सात. झिजलेले सोफे, जमिनीवर दाटीवाटीने बसलेली साठ-सत्तर मुलं, कोपऱ्यात फुकटच्या पिझ्झाचे खोके आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली. मधोमध लोर्ना डीट्झ उभी आहे. वय अठ्ठावन्न, पायात मेसमधलेच न घसरणारे बूट. सकाळी याच मुलांना तिने अंडी करून वाढलीत.

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात दारू न पिणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर परगावचा. एकविसाव्या वाढदिवसाला, कायद्याने प्यायची मुभा मिळते त्या दिवशी, एकवीस पेले, ही इथली रीत. मित्र भोवती उभे राहून मोठ्याने आकडे मोजतात. लोर्नाच्या मुलाने, ब्रेटने, सगळे घेतले. मित्रांनी त्याला खोलीवर आणून कुशीवर झोपवलं, उताणा होऊन उलटी घशात अडकू नये म्हणून पाठीला पुस्तकांची सॅक अडकवली आणि आपण काळजी घेतली या समाधानात पुन्हा प्यायला गेले. ब्रेटला उलटी झालीच नाही. श्वासच थांबला.

त्यानंतर तिचा नवरा गॅरी घरात ते नाव काढू देईना. एकदा जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, तर तो ताट उचलून गाडीत जाऊन बसला आणि तिथेच जेवला. वर्षभरात सप्टेंबरातली चार वसतिगृहांतली चार भाषणं, एवढ्याच जागी लोर्नाला आपल्या मुलाचं नाव मोठ्याने घेता यायचं. हे तिनेच मला सांगितलं होतं.

मी तीस वर्षं नाटकं घेऊन गावोगाव हिंडलो आणि शेवटी इथे थांबलो. वसतिगृहांची प्रमुख केंड्रा हिने मला गळ घातली की लोर्नाला जरा बोलायला शिकवा. पहिल्या वर्षी ती कागद वाचायची, ‘माझा मुलगा, माझा मुलगा’ करायची. मी म्हटलं, "लोर्ना, मुलगा सगळ्यांनाच असतो. त्याचं नाव घे. घेतलंस की थांब. ती शांतता त्यांना पेलू दे."

ती शिकली. पिऊ नका असं तिने मुलांना कधी सांगितलं नाही. पोटात काही घालून प्या, मोजून प्या, मधे पाणी प्या; कुणी पडला तर त्याला एकटं टाकून जाऊ नका, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, कॉलेज तुम्हाला शिक्षा करणार नाही. एवढंच.

तिसऱ्या वर्षी, त्या गुरुवारी, मी मागच्या ओळीत बसलो होतो. "ब्रेट," ती म्हणाली आणि थांबली. सगळ्या बाटल्या एकदम ओठांशी गेल्या. पुढच्या वेळी नाव घेतलं, पुन्हा तसंच. अख्खं नाट्यगृह एका श्वासाने चालताना मी आयुष्यात चार-पाचदाच पाहिलंय. माझ्या अंगावर काटा आला. भाषण संपल्यावर मी तिला म्हटलं, आज पोरं तुझ्या मुठीत होती. ती लाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेसमध्ये कॉफी पीत होतो. केंड्रा आली आणि तिने लोर्नाच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. सोफ्याच्या फटीत सापडलेली.

‘ती “ब्रेट” म्हणाली: एक घोट. “सॅक” म्हणाली: दोन. रडली: बाटली रिकामी.’

खाली वेगळ्या अक्षरात: ‘गेल्या वर्षी सतरा वेळा.’

बाटल्यांत व्होडका होती. शेल्बी नावाची अठरा वर्षांची काटकुळी मुलगी, दिवसभर उपाशी, आम्ही निघून गेल्यावर तिथेच कोसळली होती. लोर्नाने फक्त विचारलं, मुलगी जिवंत आहे ना? आहे, केंड्रा म्हणाली.

तव्यावरची अंडी करपली. रांगेतला एक मुलगा ताट पुढे करून म्हणाला, "लोर्ना, बरं झालं काल रडला नाहीत. आम्ही सगळेच आडवे झालो असतो." मग दोन अंडी मागितली, पिवळं न फोडता. तिने न फोडता करून दिली.

केंड्राने सांगितलं की उरलेली तिन्ही भाषणं रद्द. त्याऐवजी मुलं कॉम्प्युटरवर धडा वाचतील आणि दहा प्रश्न सोडवतील. लोर्ना म्हणाली, मी नाव घेणार नाही, पण मला बोलू द्या. केंड्रा कशीबशी तयार झाली. मी मात्र भांडलो. नाव वगळलंस तर त्या भाषणात जीवच राहणार नाही, म्हटलं.

"तुमचं भाषण मेलं तर मरू द्या," ती म्हणाली. "पोरी तरी जगतील."

मंगळवारी दुसरं वसतिगृह. तिथेही तशीच पोरं, तशाच बाटल्या. ती ‘एक मुलगा’ म्हणाली. सॅकऐवजी ‘पाठीला ओझं’ म्हणाली. पंचवीस मिनिटं ती कोरड्या आवाजात, एखादी पाककृती सांगावी तशी बोलत राहिली. बाटल्या मांडीवरच राहिल्या. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, कुजबुजायला लागली. कुणीतरी जांभई दिली.

शेवटी तिने नेहमीसारखं विचारलं, काही शंका? पुढच्या ओळीतल्या उलटी टोपी घातलेल्या मुलाने हात वर केला. त्याच्या बाटलीचं झाकण आधीच उघडं होतं.

"मिसेस डीट्झ, सॉरी हं, पण तुमच्या मुलाचं नाव काय होतं?"

त्याच्यामागे एकामागून एक झाकणं फिरल्याचा आवाज आला. लोर्नाने त्याच्या बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि म्हणाली,

"त्याला नाव नव्हतं, बाळा."