बाळंतबुवा

सुरतेच्या पांडेसऱ्यातील आमच्या इमारतीत बाळाचे लंगोट सज्जात वाळत घालणारा पुरुष एकच होता. कापडगिरणीच्या रंगखात्यातून परतताच तो निळी पडलेली बोटे साबणाने घासून घेई आणि मगच लंगोटांना हात लावी. समोरून हाक येई, "काय बाळंतबुवा, दूध केव्हा येणार तुम्हाला?" तो हसून म्हणे, "आलं की तुमच्याकडेही पाठवतो, काकू." तेव्हापासून त्याचे मूळ नाव मागे पडले.

बारशाला मी पौरोहित्यास गेलो होतो. त्याची पत्नी भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिला झोप नव्हती, भूक नव्हती. बाळ रडले की तीही रडे. पाळण्याशी अखेर तोच बसला. धुळ्याहून आलेली त्याची आई कडाडली, "हाई सोंग शे! आम्हनाबी पोरे व्हयनात. आम्ही कधी रडनूत का?"

पत्नीला दवाखान्यात न्यायचे त्याने ठरवले, तेव्हा सव्वा महिना उलटलेला नव्हता. बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये, असे मी सांगावे म्हणून आई माझ्याकडे आली. आपत्काळी धर्मच नियम शिथिल करतो, असे मी सांगितले. "महाराजबी तुनाच पक्षना!" असे लेकाला सुनावून तिने गावची गाडी धरली.

हे बाळंतपणानंतरचे नैराश्य असावे, असे डॉक्टरीणबाईंचे मत पडले. औषध चालू ठेवा आणि तिला एकटी सोडू नका, असे त्यांनी बजावले. त्याने कायमची दिवसपाळी मागून घेतली. दिवसा शेजारच्या खोलीतील एक वृद्धा तिच्यापाशी बसू लागली. भेटीस येणाऱ्यांना तो दारातच सांगे, "सल्ले चपलांजवळ ठेवून आत या." पत्नीला मात्र तो काहीच विचारत नसे. जवळ बसे आणि म्हणे, "आज बरं वाटायलाच पाहिजे, असं काही नाही."

तिला हळूहळू उतार पडू लागला. ती जेवू लागली, बाळाला न्हाऊ घालू लागली. नेमकी तेव्हाच ही बाई लेकराचा जीव घेईल, अशी कुजबुज इमारतभर पसरली. घरमालक येऊन म्हणाला, "दुसरे भाडोत्री घाबरतात, भाई. रूम खाली करी आपो."

मी संतापून विचारले, "हे पसरवले कोणी?"

बाळंतबुवा म्हणाला, "बाहेरच्यांना काय बोलायचं, महाराज? जाण्याआधी आईच नळावर सांगून गेली."

पर्वत पाटियाकडे खोली मिळाली. निघण्याच्या दिवशी टेम्पोत सामान चढवायला मी सोडून कोणी आले नाही. पाहायला मात्र सारे सज्जे भरले. ती बाळाला उराशी धरून जिना उतरली. वरून कोणी तरी नवलाने म्हणाले, "अगं, नीट धरलंय की तिने!"

तो थांबला. वर पाहत शांतपणे म्हणाला, "पाहून झालं ना, काकू? आता जातो आम्ही."

मी आशीर्वादासाठी हात उचलला. त्याचे लक्ष नव्हते. टेम्पोच्या दारात अडकू नये म्हणून तो तिच्या लुगड्याचा काठ आत घेत होता.