झडतीवाल्यांची वचनं

कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांची झडती घेतली, म्हणून सगळे त्यांना झडतीवाले म्हणत. लोक दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. हे न पोळताच फुंकायचे. डब्याचा तळ बोटाने वाजवून बघायचे, बूट उलटे करून झटकायला लावायचे. खुद्द साहेबांची बॅगही त्यांच्या तावडीतून सुटली नव्हती.

लहानपणी आईने त्यांच्याकडून बायबलची वचनं पाठ करून घेतली होती. रोज सकाळी एक नवं वचन न चुकता म्हटलं तरच ताट पुढे यायचं. पुढे फाटकावर पाय अवघडले, पेंग येऊ लागली, की ते ओठातल्या ओठात वचनं म्हणत उभे राहायचे. अर्थात स्वतःच्या आठवणीवर तरी त्यांचा कुठला विश्वास! घरी आल्यावर पुस्तक उघडून शब्द न् शब्द पडताळायचे.

सत्तराव्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. साधं ‘पाणी’ म्हणायला जीभ वळेना. तीन आठवड्यांनी मात्र एक अख्खं वचन खणखणीत बाहेर पडलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पाठ केलेलं कधीकधी शाबूत राहतं. मग म्हाताऱ्याने त्यातच भागवायला सुरुवात केली. तहान लागली की विहिरीवर पाणी मागण्याचं वचन, भूक लागली की भाकरीचं, कूस बदलायची असली की पांगळ्याने उठून चालण्याचं.

मुलगा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरात फक्त सून, शाळेचे गणवेश शिवणारी. तिच्या माहेरी पाठांतराची सवय नव्हती. दुपारी ती सासऱ्यांच्या उशाशी असलेलं बायबल हळूच उचलून न्यायची आणि स्वयंपाकघराचं दार लोटून फोनवर कुजबुजायची.

“रोज नवीन काहीतरी असतं हो. मला एकटीला नाही कळत.”

झडतीवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. ही नक्की वृद्धाश्रमात चौकशी करतेय! बोलता न येणाऱ्या माणसाला तिथे नेऊन टाकलं, तर तो दाद कुणाकडे मागणार? त्यांना खरोखर भीती वाटली. तेव्हापासून ती खोलीत आली की ते तिच्याकडे टक लावून, चोर कधी येईल ते सांगता येत नाही या अर्थाचं वचन म्हणू लागले. एकदा नाही, दोनदोनदा.

एके दिवशी त्यांना उशांना टेकवून बसवून ती गणवेश पोचवायला गेली आणि स्वतःची पिशवी खाटेजवळच्या खुर्चीवर विसरली. म्हातारबुवांचा एकच हात चालत होता, पण कसब जुनं होतं. आतल्या कप्प्यात घडी घातलेला कागद सापडला. वृद्धाश्रमाचा अर्ज! त्यांनी तो दातांनी उलगडला.

अक्षर सुनेचं होतं. वर लिहिलं होतं, ‘चर्चच्या पाळकांना फोनवर विचारून’. खाली एकेका वचनाची सुरुवात, आणि समोर: पाणी. भाकरी. कूस बदलायची. ऊन डोळ्यांवर येतंय, पडदा ओढायचा. पस्तीस-चाळीस ओळी होत्या. शेवटी चोराचं वचन, आणि त्याच्यासमोर: ‘मी आत आले की म्हणतात. माझ्यावर संशय आहे. असू दे.’

दार वाजलं. सून पिशवी न्यायला परतली होती. मांडीवर उघडी पिशवी, हातात कागद. उभ्या जन्मात झडती घेताना म्हाताऱ्याची मान कधी खाली गेली नव्हती, आज गेली. मग त्यांनी एक वचन काढलं, घर सोडून गेलेला मुलगा बापाकडे येऊन आपला अपराध कबूल करतो ते. निम्म्यावर आवाज फुटेना. साठ वर्षं पाठ असलेलं वचन पहिल्यांदाच अडलं.

उरलेले शब्द सुनेने म्हटले. न बघता, एकही न चुकता.

मग त्यांच्या हातातला कागद घेऊन ती शेजारी बसली आणि पेन शोधू लागली.

“याच्यापुढे काय लिहू, बाबा?”