सांबाराच्या दुधावर वाढलेला हिरो

दुकानाचं शटर पुरतं वर गेलं नव्हतं, तोच भाजीवाली शेवंताबाई वाकून आत डोकावली.

"काहो दादा, सांबाराले दूध कधीपासून येऊन राहिलं?"

मी पांढुर्ण्यात फ्लेक्स छापतो. चौकातला नवा फ्लेक्स माझाच होता. हिरवं जंगल, मधे पानांचा घागरा नेसलेला तगडा गडी आणि खाली हातभर अक्षरात: 'सांबाराच्या दुधावर वाढलेला जंगलचा वीर!'

आता बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं नाही, जंगलातलंही नाही. जंगलातलं ते सांबर. फरक एका कान्याचा.

तो गडी म्हणजे कुसुमबाईंचे वडील. बाईंनी मला तिसरीत शिकवलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की कान पिरगाळायच्या. बोलपट नवेनवे होते तेव्हा त्यांच्या वडिलांनी एका जंगलपटात काम केलं होतं. रानात टाकून दिलेल्या पोराला सांबराची मादी वाढवते, अशी गोष्ट. तो एकच सिनेमा करून ते इथून जवळच्या सौसरला परत आले आणि संत्र्याच्या बागेत रमले. लोकांनी मात्र जन्मभर त्यांना 'पानवाला बुवा' म्हणून छळलं. एवढ्या वर्षांनी सिनेमाची प्रत सापडली, दुरुस्त झाली, आणि बाईंनी गावाला फुकट दाखवायला हॉल घेतला. बापाला लोकांनी एकदा तरी नीट बघावं, एवढीच त्यांची इच्छा.

आमच्या धंद्यात छापायच्या आधी प्रूफ दाखवतात, म्हणजे कागदावरचा नमुना. मजकूर बाईंचाच होता. मी विचारलंही होतं, "बाई, हा काना जास्तीचा नाही का?"

"बाबा सांबारच म्हणायचे. माझ्या बाबाचा शब्द तू सुधरवणार?"

मी तसंच छापून टाकलं. तिसरीतला कान अजून दुखतो.

शेवंताबाई गेली तशा बाई आल्या. चेहरा लाल.

"गजानन, लोक खाली उभे राहून खिदळताहेत! एक जण मला विचारतो, जुडी कशी दिली?"

"बाई, मी म्हटलं होतं..."

"म्हटलं होतंस रे! पण लिहिताना मला बाबांचा आवाज ऐकू येत होता. भाजी डोक्यातच आली नाही." त्या स्टुलावर बसल्या. डोळे भरून आले होते. "जिवंत होते तेव्हा हसले, आता मेल्यावरही हसणार. संध्याकाळी खेळ आहे. काहीतरी कर."

मला खरंच वाईट वाटलं. नवा फ्लेक्स छापायचा तर लाईट गेलेली. मग पॅच मारायचा ठरवला. पॅच म्हणजे चुकीवर चिकटवायची रंगीत पट्टी. बरोबर काना झाकेल एवढी हिरवी पट्टी कापली, शिडी घेतली आणि चौकात गेलो.

वर चढलो तर खाली हा गोंधळ! अर्धा भाजीबाजार जमलेला. जो तो मोबाईल काढून फोटो घेऊन राहिला.

"अबे, काढतो कावून? राहू दे ना!"

"पाहाले तर पाहिजे, सांबाराचं दूध कसं काढते ते!"

मी वरूनच विचारलं, "संध्याकाळी येता का मग?"

"हाव! घरचे सारे घेऊन येतो."

पट्टी खिशात घातली, खाली उतरलो आणि दुकानात परतलो.

"लागली का पट्टी?" बाईंनी विचारलं.

"वारा फार आहे, बाई," मी म्हटलं. वाऱ्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी हॉलमधे मुंगीला शिरायला जागा नाही. बाईंचे वडील पडद्यावर वेलीला लोंबकळत आले आणि एकच कालवा झाला. "आला रे आला, सांबार आला!" शिट्ट्या, टाळ्या. पुढच्या रांगेत बाई मान खाली घालून बसलेल्या. म्हटलं, गज्या, मेलास तू आता.

मग शिकाऱ्यानं सांबरीला गोळी घातली. त्या गड्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. संवाद नाही, गाणं नाही. आईला हाक मारायला त्याच्याजवळ माणसाची भाषाच नव्हती. त्यानं पाडसासारखा आवाज काढला. एकदा, मग परत एकदा. हॉल चिडीचूप. बाईंनी मान वर केली ती तेव्हाच.

बाहेर पडताना शेवंताबाईनं पदरानं नाक पुसत बाईंचा हात धरला. "लय रडवलं वं बाई, तुमच्या बाबानं."

सगळे गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "वारा नव्हता ना रे?"

"नव्हता, बाई."

कानाकडे हात येणार म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो.

"पुढच्या रविवारी सौसरला खेळ ठेवतेय. फ्लेक्स छाप."

"सांबर की सांबार?"

"सांबार! कान्याला हात लावशील तर बघ."

बिनचूक फ्लेक्स तर मी रोजच छापतो. ते कोणी थांबून वाचल्याचं मला आठवत नाही.