केळीच्या बागेतलं तोरणमाळ

फोन शाळेच्या ऑफिसात आला होता. मी सातवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, रावेरहून फोन आहे, तुमच्या भावाचा." दादा कधी फोन करत नाही. केळीचे भाव, घरातली आजारपणं, गावातली भांडणं... जे काही असेल ते मी रावेरला गेले की तो ओट्यावर बसून निवांत सांगतो. त्यामुळे हातातला खडू तसाच टेबलावर टाकून मी धावत ऑफिसात गेले आणि रिसीव्हर उचलला. पलीकडून तो एवढंच म्हणाला, "कुंदे, प्रमिला गेली." पुढे नुसती खरखर. बाकीचं घरी गेल्यावर कळलं, सकाळी छातीत कळ आली, जीप दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझी प्रमिलावहिनी... वयाची पंचेचाळिशीही न गाठलेली, संक्रांतीला मला तिळगूळ देताना माझ्याहून ठणठणीत दिसणारी.

तिला जाऊन आता दीड महिना होईल. रडायचं तेवढं रडून झालं. आता तिच्याविषयी लिहायला बसले तर दुःखाच्या आधी अभिमानच वर येतो, त्याला मी काय करू? आमच्या रावेर तालुक्यात, जिथं वीतभर जमीन मोकळी दिसली तरी माणूस तिथं केळीचा कंद लावतो, तिथं या बाईनं थंड हवेतली फुलं जगवली. आणि एक हंगाम नाही, वर्षानुवर्षं.

वहिनी धुळ्याकडची. तिचे वडील जंगल खात्यात कारकून होते, त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं तोरणमाळला गेली. सातपुड्याच्या डोक्यावर, तळ्याजवळ त्यांचं क्वार्टर होतं. वहिनीचं लहानपण त्या धुक्यात गेलेलं. लग्न होऊन ती आमच्याकडे आली ती ऐंशी सालच्या आसपास, आणि आल्या आल्या घरात हशा पिकला तो तिच्या बोलण्यावरून. आमची बोली वेगळी, तिची अहिराणी. "भाजी तिखट शे," ती म्हणाली की माझ्या चुलत बहिणी तोंडाला पदर लावायच्या. दुसरी एखादी असती तर महिन्याभरात सासरची भाषा शिकली असती. वहिनी हसणाऱ्यांकडे शांतपणे बघायची आणि पुढच्या वाक्यात आणखी एक 'शे' घालायची. तिचा स्वभाव मला तेव्हाच कळला.

लग्नानंतर दोनतीन वर्षांनी तिचे वडील निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं. भावंडं सामान आवरायला जमली, कुणी भांडी घेतली, कुणी खाट. वहिनीनं मागितला तो अंगणातला एक गड्डा. तिच्या आईनं विश्रामगृहाच्या जुन्या बागेतून आणून लावलेलं ते झाड, गुडघ्याच्याही खाली राहणारं, गोलसर पानांचं. त्याला जांभळट निळी, छोट्या घंटीसारखी फुलं यायची. एकदा लावलं की दरवर्षी त्याच मुळांतून पुन्हा फुटणारं. नाव तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं, ती नुसतं 'घंट्या' म्हणायची. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात तो गड्डा घालून, ओल्या फडक्यानं डबा गुंडाळून, वहिनी एसटीनं रावेरला उतरली. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरच बसले होते. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "सूनबाई, माहेराहून माणूस काही खायचं आणते. ह्यानं पोट भरीन का?"

"पोट केळी भरतीन, आबा," वहिनी म्हणाली आणि डबा घेऊन परसात गेली.

पहिल्याच मे महिन्यात झाड गेलं. म्हणजे वरून तरी गेलं. रावेरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी नळाची तोटी धरवत नाही, भिंतीला पाठ टेकवत नाही. वहिनीनं घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी ओतलं आणि तिथंच चुकलं. आमची काळी माती, पाणी धरून बसणारी. मुळं सडली. सगळ्यांनी डबा फेकायला सांगितला. तिनं माती उपसली, बोटांनी चाचपत सडकं तेवढं काढलं आणि करंगळीएवढा एक पांढरा तुकडा मिळाला तो जपून ठेवला. मग तिचे प्रयोग सुरू झाले. अर्धी नदीची वाळू, थोडा पाल्याचा कुजका चुरा, आणि कुठं जुनी भिंत पाडली असेल तिथून वेचून आणलेले चुन्याचे खडे. तोरणमाळच्या क्वार्टरच्या पडक्या कठड्याशी घंट्या सर्वांत जास्त फुलायच्या, हे तिला आठवत होतं. त्यावरून तिनं चुना ताडला. त्या करंगळीएवढ्या मुळाला दिवाळीपर्यंत पानं आली. आमच्याकडची थंडी तशी कडक असते, त्यामुळे हिवाळ्याची तिला काळजी नव्हती. प्रश्न मे महिन्याचाच होता.

उत्तर तिला मळ्यात सापडलं. पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी होते. दुपारची भाकरी घेऊन आम्ही दोघी मळ्यात गेलो. बांधावर उभं राहिलं तर डोळे पोळत होते, आणि दाट केळीत चार सऱ्या आत शिरलो तर अंगावर गारवा आला. वर पानांचं छत, खाली ओल, वारा अडलेला. वहिनी थबकली. डोक्यावरची पाटी तिनं खाली ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "कुंदाताई... तोरणमाळ शे आठे." आठे म्हणजे इथं, आमच्याच मळ्यात.

दुसऱ्याच दिवशी कुंडी मळ्यात गेली. बागेला पाणी सोडलं की ते कुंडीखाली साचू नये म्हणून विटांवर ठेवलेली. तेव्हापासून हा रिवाजच पडला. होळी झाली, फुलांचा बहर ओसरला, की झाडं बोटभर उंचीवर छाटायची, गड्डे मोठे झाले असतील तर फोडून दोनाचे चार करायचे, आणि बैलगाडीत घालून कुंड्या केळीत न्यायच्या. दिवाळीच्या सुमाराला परत अंगणात. पावसाळ्यात पहाटे जाऊन गोगलगाई वेचायच्या, कारण त्यांना ही कोवळी पानं फार आवडतात. आबा बघायचे, मान हलवायचे, पण गाडीत कुंड्या चढवताना आता कुणाला अडवत नव्हते.

मग ते वादळ आलं. मे संपत आला होता. बागा निसवलेल्या, केळफुलातून घड बाहेर पडून भरत आलेले. दुपारी सातपुड्याकडून आभाळ पिवळं झालं आणि घटकाभरात आमच्या मळ्यातली केळी झोपली. उभं एकही झाड राहिलं नाही म्हटलं तरी चालेल. आबा बांधावर बसून राहिले. दादा त्यांच्याशेजारी. वहिनीनं सगळ्यांना पाणी दिलं, चहा केला, आणि कुंड्यांचं नावही काढलं नाही. मी हळूच विचारलं तर मला दटावलं, "आज ते बोलानं नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा विळा घेऊन उठले. आम्हाला वाटलं, घड कापायला निघाले. ते सरळ बागेच्या मधोमध गेले आणि आडवी पडलेली खोडं बाजूला सारू लागले. त्या वयात, एकटे. दादा धावला. खोडांखाली, चिरडलेल्या पानांच्या ढिगात कुंड्या होत्या. काही फुटल्या होत्या, पण केळीच्या ओल्या खोडांनी गड्डे झाकले गेले होते आणि बरेचसे जिवंत होते. आबांनी एकेक गड्डा मातीसकट ओंजळीत उचलला आणि वहिनीपुढे धरला. "धर, पोरी. माह्यं सालभराचं गेलं. तुह्यं तरी वाचू दे." वहिनीला रडताना मी आयुष्यात पाहिलं ते फक्त तेव्हा.

पण वाचवायचं कुठं? सावलीच उरली नव्हती, आणि पाऊस अजून लांब होता. गावात एकच बाग शाबूत होती, आमच्या शेजारच्या नामदेवनानांची, आंब्यांच्या दाट ओळीआड. त्यांच्याशी आबांचा बांधावरून वाद, कित्येक वर्षांचा अबोला. आबा टोपी नीट करून त्यांच्या दारात गेले. मी आणि वहिनी मागे उभ्या. नाना बाहेर आले, आबांकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, पडलेल्या केळीसाठी मजूर मागायला आले, नाहीतर बैल. आबा म्हणाले, "नाना, सुनेच्या कुंड्या ठेवाले थोडी सावली पाहिजे."

नाना म्हणाले, "केळी झोपली तुही, अन् मांगाले आला फुलांसाठी?"

"केळी मी पुन्हा लावीन. हे झाड माह्याच्यानं नाही लावलं जात. ते तिलेच येते."

नानांनी फाटक उघडलं. त्या दिवसापासून दोन्ही म्हातारे पुन्हा बोलू लागले आणि आबा असेपर्यंत बोलत राहिले.

पुढे काही वर्षांनी जळगावात एका संस्थेनं फुलांचं प्रदर्शन भरवलं. मी तोवर जळगावला नोकरीला लागले होते. मीच वहिनीच्या मागे लागले. ती यावलमार्गे एसटीनं आली, भरगच्च फुललेली कुंडी मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्या लेकराचं अर्धं तिकीट लागेल." वहिनी म्हणाली, "मांडीवरनं लेकरू शे, फुकट जास." सोबत आबा होते, धुतलेलं धोतर, नवी टोपी. दिवसभर ते त्या कुंडीशेजारी पहाऱ्याला बसल्यासारखे खुर्ची टाकून बसले. कुणी थांबलं की ते स्वतःहून सुरू करायचे, "माह्या सुनेनं केलं. रावेरले. मे महिन्यात जगवते ती." दुसरा नंबर आला. आबा रागावले. वहिनी मात्र पहिल्या आलेल्या गुलाबांपुढे बराच वेळ उभी राहून आली आणि म्हणाली, "नही आबा, ते गुलाब खरंच चांगले शेतस."

त्यानंतर रोप मागायला बायका येऊ लागल्या. वहिनी पैसे घेत नसे, पण परीक्षा घ्यायची. एकच प्रश्न, उन्हाळ्याचा, "उन्हायामा कोठे ठेवशी?" जळगावची एक ओळखीची बाई म्हणाली, "आमची गच्ची मोठी आहे हो." वहिनीनं तिला चहा पाजला, पोहे दिले, रोप दिलं नाही. पहूरला नव्यानंच नांदायला गेलेली एक मुलगी मात्र विचार करून म्हणाली, "न्हाणीमागं रांजण आहे, त्याच्या आड ऊन येत नाही." तिला वहिनीनं दोन गड्डे दिले, वाळू मिसळून दाखवली आणि बजावलं, "पाणी मुळाशी दे, डोक्यावर नको. आणि वरून वाळलं म्हणून फेकू नको." आज यावलला, पहूरला, जळगावात कितीतरी न्हाण्यांमागे ही निळी फुलं आहेत. त्यांतल्या अनेक घरांत वहिनीचं नावही माहीत नसेल. तिला त्याचं काही वाटलं नसतं. झाड जगलं की नाही, एवढंच तिनं विचारलं असतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले. अंगण निळंजांभळं झालं होतं, ऐन बहराचे दिवस. आणि कुंड्यांच्या मधोमध दादा उकिडवा बसला होता. त्याच्या हातात वहिनीची शिवणाची छोटी कात्री होती. केळीचे घड पेलून राठ झालेली त्याची बोटं त्या कात्रीच्या कड्यांत नीट शिरतसुद्धा नव्हती. तरी तो एकेक सुकलेलं फूल शोधत होता, देठापाशी कात्री नेत होता, शेजारच्या कळीला धक्का लागू नये म्हणून श्वास रोखत होता.

"सुकलेली वेळेवर काढली नाही तर झाड बी धरायला लागतं," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "मग नवी फुलं येत नाहीत."

"तुला कधीपासून हे येतं, दादा? तू तर कधी हात लावला नाहीस."

"हात कशाला लावायचा? ती होती ना." त्यानं कापलेलं फूल तळहातावर घेतलं. "पण ऐकत होतो की मी... सगळी वर्षं."

मग तो पुढच्या कुंडीकडे सरकला.