लाल आकडे

सातवीच्या सुट्टीत मला पनवेलच्या दुकानातली सायकल हवी होती. तेव्हा उलव्याजवळच्या आमच्या गावात सरकारी मोजणीवाला आला. तो झाडांवर लाल रंगाने आकडे घालायचा. माझं अक्षर बघून त्याने डबा आणि ब्रश माझ्याच हातात दिला. एका झाडाचे दोन रुपये.

मला हाव सुटली. त्याला न दिसलेलं विहिरीमागचं जांभूळसुद्धा मीच दाखवलं. आकडे कशासाठी, हे विचारायची अक्कल नव्हती. ओट्यावरची म्हातारी माणसं मला बघून बोलायची थांबत.

चौथ्या दिवशी झाडं संपली. तो म्हणाला, "आता घरं. घराला पाच."

मी आमच्याच घरापासून सुरुवात केली. दाराशेजारी, एकही ओघळ न येऊ देता.

संध्याकाळी आई खाडीवरून आली. डोक्यावरची पाटी उतरवून ती ओल्या पदराने आकडा पुसू लागली. रंग हलेना.

"कोनी लिवला यो?" ती म्हणाली. "ज्या घराला आकडा, त्या घरावर बुलडोझर."

मी लाल बोटं पाठीमागे लपवली.

सकाळी तो डबा घेऊन दारात उभा राहिला. अजून निम्मं गाव बाकी होतं.

मी गेले.