उलटी तालीम

माझ्या भाचीला आमच्या नाटक कंपनीत सगळे ‘हजेरी’ म्हणत. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, कंपनीचे कपडे शिवायची. शाळा सुटली की ही आठ वर्षांची पोर विंगेत एका उपड्या पेटीवर येऊन बसायची, मांडीवर वही. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, कुणाचा प्रवेश राहिलाय, सगळं त्या वहीत. एकदा मी सेनापतीच्या वेशात वारा खात उभा होतो. तिने माझा अंगरखा ओढला आणि शांतपणे म्हणाली, “मामा, तुझं मरण राहिलंय.” धावत जाऊन मेलो. त्या आठवड्यातल्या सगळ्यात जास्त टाळ्या त्या मरणाला पडल्या.

स्वतः ती रंगमंचावर कधी आली नाही. गर्दीच्या प्रवेशात माणूस कमी पडला तरी नाही. “मी मोजायला आहे,” म्हणायची.

आता ती सेहेचाळीस वर्षांची आहे. आईच्या आजारपणात तिने नोकरी सोडली होती, ती तब्बल अकरा वर्षं. बहीण गेली आणि हिने पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली. कितीतरी ठिकाणांहून नकार आल्यावर एका सॉफ्टवेअर कंपनीने सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम आवडलं तर कायम, नाहीतर नमस्कार. सहा महिने संपायला एक शुक्रवार उरला होता.

तिचं काम मला तिनेच समजावलं, तेही माझ्या भाषेत. चालू प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं एक अवजार असतं, त्याला डीबगर म्हणतात. एका प्रोग्राममध्ये एकाच वेळी पुष्कळ कामं चालू असतात, त्यातलं प्रत्येक काम म्हणजे एक थ्रेड.

“म्हणजे नट,” मी म्हणालो.

“नट म्हण. आणि प्रोग्राम म्हणजे कंपनी. डीबगरमध्ये एका वेळी तीन-चार कंपन्या उभ्या असू शकतात. म्हणून नंबर दोन भागांत. २.३ म्हणजे दुसऱ्या कंपनीतला तिसरा. २.१-३ म्हणजे दुसरीतले एक ते तीन. दोनपुढे टिंब देऊन तारा काढला, की दुसरीतले झाडून सगळे.”

“आणि नुसता ५ लिहिला तर?”

“तर तू आत्ता जिच्यासमोर उभा आहेस, त्या कंपनीतला पाचवा.”

माणूस अशा नंबरांची यादी टाइप करतो, आणि हिने लिहिलेला भाग ती वाचून नेमक्या त्याच थ्रेडना हाक मारतो. यादी चुकली असेल तर कुठे चुकली ते सांगून नकार द्यायचा. एवढंच. पण चुकीच्या थ्रेडला हाक गेली, तर समोरचा माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत दिवस घालवतो, आणि तो दिवस कुणी परत देत नाही.

गुरुवारी दुपारी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता. बाजूला आईचं शिवणयंत्र, त्यावर कागदांचा गठ्ठा. स्क्रीनवर हिरव्या ओळी.

“दोनशे बारा टेस्ट,” ती म्हणाली. “सगळ्या पास.”

“मग चेहरा असा का?”

“उद्या कात्री बघणार आहे.”

कात्री म्हणजे तिचा वरिष्ठ, हिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. लोकांच्या कोडमधल्या ओळी सपासप उडवतो म्हणून ऑफिसात हे नाव. त्याने होकार दिला तर ही कायम, नाही दिला तर सोमवारी ओळखपत्र परत करायचं.

मी म्हणालो, “दोनशे बारा वेळा तालीम झालीये. आता कशाला घाबरतेस?”

ती पेन्सिल दातांत धरून बसली. मग सावकाश म्हणाली, “मामा, उलटी तालीम झाली नाहीये.”

हे सांगायला हवं. आमच्या कंपनीत पहिल्या प्रयोगाच्या आधी एक तालीम उलटी व्हायची. डावीकडून येणाऱ्याने उजवीकडून यायचं, सिंहासन या टोकाचं त्या टोकाला. नट वैतागायचे, मी तर शिव्या द्यायचो. पण कोण भूमिका समजून करतोय आणि कोण नुसता पायांच्या सवयीवर चालतोय, हे त्या एका दुपारी उघडं पडायचं. हजेरीला ती तालीम फार आवडायची. तिची वही त्या दिवशी भरून जायची.

“मी सगळ्या टेस्ट पहिल्या कंपनीसमोर उभी राहून केल्यात,” ती म्हणाली. “आणि याद्यांतही सवयीने पहिल्याच कंपनीचे नंबर लिहिलेत.”

तिने जागा बदलली. आता समोर तिसरी कंपनी. त्याच दोनशे बारा टेस्ट पुन्हा चालवल्या, उत्तरं कशी बदलायला हवीत ते आधी कागदावर मांडून. स्क्रीनवर लाल ओळी उमटायला लागल्या. एकोणीस.

मी खुर्ची मागे सरकवली. ती मात्र पुढे सरकून बसली, लहानपणी पेटीवर सरकायची तशी.

“हे बघ. यादी आहे १.२-४ आणि मग नुसता ५. हा ५ समोरच्या कंपनीतला, म्हणजे तिसरीतला हवा. माझा कोड अजून पहिलीतच घुटमळतोय. आधीच्या नंबराची कंपनी डोक्यात धरून बसलाय, विसरतच नाही. मी पहिलीसमोर उभी होते तोवर दोन्ही पाचवे एकच होते, म्हणून कळलं नाही.”

“अवघड आहे का दुरुस्त करायला?”

“विसरायला शिकवायचं. चार ओळी.”

चार ओळी व्हायला दीड तास लागला, कारण एक ओळ तिने सहा वेळा पुसली. मग प्रत्येक यादी टेस्टमधल्या तिन्ही कंपन्यांसमोर उभं राहून तपासली. सहाशे छत्तीस. संध्याकाळचे सहा वाजायच्या आत सगळ्या हिरव्या.

शुक्रवारी सकाळी कात्री स्क्रीनवर आला, ती घरूनच बोलत होती. आणखी पाच जण होते, पण त्यांचे नुसते काळे चौकोन. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, शिवणयंत्रापाशी. खोकायची बंदी होती.

“१.२ आणि पुढे नुसती रेघ,” कात्री म्हणाला.

तिने टाइप केलं. नकार आला: रेघेच्या पुढे शेवट नाही.

“५-२.”

नकार: सुरुवात शेवटापेक्षा मोठी.

“शून्य.”

नकार.

“हे सगळेच करतात,” तो म्हणाला. “आता लांब यादी. पहिल्यातले एक ते चार, दुसऱ्यातले सगळे, आणि अगदी शेवटी ३.क.”

नकार आला, ‘क’वर बोट ठेवून.

“आधीच्यांना हाक गेली?”

“एकालाही नाही. पूर्ण यादी वाचून झाल्याशिवाय पडदा वर जात नाही.”

त्याने काहीतरी टिपून घेतलं. “ठीक आहे ताई. आता मी तिसऱ्या प्रोग्राममध्ये जातोय. यादी, दुसऱ्यातले सगळे, आणि नुसता ४.”

मी यंत्राचं चाक घट्ट धरलं. स्क्रीनवर दुसऱ्या कंपनीतले सगळे आले, आणि त्यांच्या मागून ३.४, ऐटीत.

कात्री खुर्चीत मागे टेकला. “इथे मी स्वतः पडलो होतो. आठ महिने कुणालाच कळलं नाही. तुम्हाला कसं सुचलं?”

“आमच्याकडे याला उलटी तालीम म्हणतात,” ती म्हणाली, आणि दोन वाक्यांत समजावलं.

“मग टेस्टच्या त्या संचाला तेच नाव द्या. यापुढे सगळ्यांनी आपापल्या कामाची अशी तालीम घ्यायची. आणि सोमवारी ओळखपत्र नवं घ्या, जुन्यावर ‘तात्पुरतं’ छापलंय.”

एकेक काळा चौकोन उजळला. पाच अनोळखी चेहरे, टाळ्या वाजवत होते. हजेरीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या सवयीने तिला वाटलं असावं, टाळ्या मामाला आहेत.

मी मान हलवली आणि बोटाने स्क्रीन दाखवली. मग ती उभी राहिली, कॅमेऱ्यात आता फक्त तिचं पोट दिसत होतं, आणि तशीच कमरेत वाकून तिने नमस्कार केला. अगदी मोजून. आमच्या कंपनीत मुख्य भूमिकेला तीन वेळा वाकायची मुभा होती. ती तिन्ही वेळा वाकली.