अकारोआत मागच्या सीटवर

मागच्या सीटवर बसणाऱ्या बाईलाही पायडल मारावं लागतं, हे मला आधी कोणीही सांगितलं नाही. ना मुलाने, ना सुनेने, ना सायकलवालीने. चाळीस वर्षं मी ह्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसले, मांडीवर पिशवी घेऊन. तूही जोर लाव, असं कधी कोणी म्हटलं नाही.

आता नमस्कार. मी वाईची, शाळा चौथीपर्यंत. सध्या मुक्काम ऑकलंडमध्ये, अवोन्डेलला, मुलाकडे. मी वहीत लिहिते, सून शिल्पा टाइप करून ब्लॉगवर टाकते. मुलांकडे येऊन सोफ्यावर बसून कंटाळलेल्या आईवडिलांनी वाचावं, म्हणून हे.

फिरायला आम्ही आपणहून गेलो नाही, मुलाने, मिलिंदने पाठवलं. व्हिसा मार्चमध्ये संपतोय. कायमचं राहायचं तर कागद आत्ताच भरायला हवेत. आमच्या घरात बापाला काही विचारायचं असलं की पोरं आईला विचारतात. मिलिंदनेही मलाच विचारलं. मी सांगून टाकलं, "बाबांना इथे करमत नाही. आम्ही जाणार." तो म्हणाला, "दोघं जरा फिरून या, निवांत बोला, मग सांग." निवांत बोलायला विमानाने पाठवणारा हाच एक बघितला.

ऑकलंडहून क्राइस्टचर्चला विमानाने सव्वा-दीड तास. तिथे मिलिंदच्या मित्राकडे झोपलो आणि सकाळच्या शटल बसने अकारोआला निघालो. तीही दीड तास. शेवटचा घाट वळणावळणाचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी. माथ्यावरून खाली खाडी दिसते. पाणी निळं, डोंगर पिवळे, मेंढ्या सगळीकडे. दृश्य चांगलं आहे. बस फोटोला थांबते तेव्हा वारा इतका असतो की फोटोत सगळ्यांचे केस तोंडावर येतात.

अकारोआ हे फ्रेंचांचं गाव. रस्त्यांची नावं फ्रेंच, दुकानांवर त्यांचे झेंडे, बेकरीत हातभर लांबीचा पाव. शटलवाल्याने सांगितलं की फ्रेंच लोक जहाजातून इथे पोचले, तोवर इंग्रजांनी आपला झेंडा लावून टाकला होता. तरी ही माणसं परत गेली नाहीत, इथेच घरं बांधून राहिली. ह्यांनी ते मान डोलावून ऐकलं. मी दशमीचा डबा नीट लागलाय का ते बघत होते.

सायकलवाली बाई आमच्याच वयाची, पायात जँडल म्हणजे आपली रबरी चप्पल. ह्यांनी पोस्टमन म्हणून तीस वर्षं सायकल चालवली, त्यामुळे हे ऐटीत पुढे झाले. पण तिच्याकडच्या एकाही सायकलला कॅरिअर नव्हतं. ह्यांनी हाताने दाखवलं, "वाइफ, बॅकसाइड." बाई हसली आणि टँडम घेऊन आली, दोघांची एकच लांब सायकल.

"व्हेअर यू फ्रॉम?" तिने विचारलं.

"अवोन्डेल," हे म्हणाले.

वाई नाही, अवोन्डेल. मी तेव्हा लक्ष दिलं नाही, कारण माझ्या अंबाड्यावर हेल्मेट बसत नव्हतं. इथे हेल्मेटशिवाय सायकल चालवायची नाही असा कायदाच आहे. बायकांनो, वेणी घालून जा. आणि साडी नको. मी शिल्पाचा पंजाबी ड्रेस घातला होता. "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, असं म्हणून बाईने आम्हाला ढकललं.

समुद्राकाठचा रस्ता दीपगृहापर्यंत जवळजवळ सपाट आहे. मी सवयीने पाय वर धरून बसले. ह्या सायकलीत दोन्ही पायडलं एकत्र फिरतात, त्यामुळे माझी पायडलं रिकामी फिरून माझ्याच नडग्यांना लागत होती.

"अगं, पाय मार!"

"तुम्ही मारताय ना?"

"दोघांनी मारायचं असतं!"

"मग मला मागे कशाला बसवलंत?"

एक गोरं जोडपं बाकावर आइस्क्रीम खात होतं. ते मोठ्याने म्हणालं, "किया ओरा!" म्हणजे इथला माओरी नमस्कार. ह्यांनी एक हात सोडून किया ओरा केलं आणि आम्ही जवळजवळ गवतात गेलो. मग मी पायडल मारायला लागले. दीपगृह पांढरं, लाकडी, छोटं. बाहेरून बघितलं तरी चालतं.

बेकरीतला पाव आणि आमची लसणाची चटणी, असं जेवण झालं. पाव बाहेरून कडक आहे. दात स्वतःचे नसतील तर मधला भाग खावा.

सायकल परत केली आणि टेकडीवरच्या फ्रेंच दफनभूमीकडे पायी निघालो. चढ आहे, पण झाडांची सावली आहे. वर एका दगडावर सगळी नावं कोरलेली. हे एकेक नाव बोटाने वाचत उभे राहिले, टपाल लावत असल्यासारखे. मी म्हटलं, "चला, बस पावणेचारला आहे. आणि मिलिंदला काय सांगायचं? मी सांगितलंय तुम्हाला करमत नाही म्हणून."

दगडावरून बोट न काढता हे म्हणाले, "मला करमतं."

"काय?"

"मला इथे करमतं. वाईत रोज कोणीतरी विचारतं, मुलाकडे नाही गेलात? इथे रविवारच्या बाजारात कोथिंबीरवाला चिनी मला लांबून हात करतो. करमत तुला नाही. ते तू माझ्या नावावर घालतेस."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं?"

उतरताना मी ह्यांच्या पुढे चालले. बस वेळेवर आली.

अवोन्डेलला परत येऊन आठवडा झाला. मांड्या चार दिवस दुखल्या. अकारोआला जावं का? जावं, एक दिवस पुरतो. टँडम घेऊ नये. घेतलीच तर पाय कोणी मारायचे ते आधीच ठरवून घ्या.

काल जेवताना मिलिंदने मला विचारलं, "आई, बाबांचं काय ठरलं?" बाबा त्याच टेबलावर, वरणभात कालवत. नात म्हणाली, "आजी, व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क हिम?" ती सात वर्षांची आहे.

तर शिल्पा, हे जसंच्या तसं टाइप कर. मला इथे करमत नाही, मला परत जायचंय. हे माझं, आणि एकटीचं. मिलिंद, यापुढे बाबांचं मला विचारायचं नाही. खुर्ची वळव आणि त्यांना विचार. आणि अहो, पेपर खाली ठेवा. उत्तर तुम्ही द्यायचं.